मिलमधला टक आणि छोटी लाट

१२ जानेवारी, सोमवार

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रांची कंपनं मोजायला. सकाळी पंपवाले, दुपारी मेहुलभाईंचं रबर युनिट. तिथे मिल तपासायची होती. दोन जाड लोखंडी रोल एकमेकांकडे फिरतात, मध्ये रबर, समोर उभा माणूस ते कापून, उलटून पुन्हा पुन्हा आत घालतो. कणीक मळावी तसं, फक्त इथे हात आत ओढला जाऊ शकतो.

तक्रार ऑपरेटरची. लोपीसकाका, गास गावचे, या मिलवर तीस वर्षं. म्हणतात गिअरबॉक्समधून ‘टक’ येतो. बाकी कोणालाच ऐकू येत नाही. मेहुलभाई वैतागलेले. "मॅडम, तुम्ही एकदा सेन्सर लावा आणि लिहून द्या, म्हणजे विषय संपला."

सेन्सर चिकटवला. कंपांचा आलेख एकदम स्वच्छ. रोल, मोटर, गिअर, ज्याची त्याची रेघ जिथे असायला हवी तिथेच. काका मागे उभे. "मॅडम, आत्ता नाय वाजनार. माल घातल्यावर वाजतं. ते पन रोज नाय."

माल घालायला अजून पाऊण तास होता. मला पुढे पॅकिंगवाल्यांकडे जायचं होतं. ‘गिअरबॉक्स सुस्थितीत’ लिहिलं, सही केली, निघाले.

१६ जानेवारी, शुक्रवार

मेहुलभाईंचा फोन. माझा रिपोर्ट दाखवून त्यांनी लो.कां.ना, म्हणजे लोपीसकाकांना, कानाच्या तपासणीला पाठवलं. दोन्ही कान कमजोर निघाले. त्यांना मिलवरून काढून गोडाऊनला दिलंय, माल मोजायला. "थँक यू मॅडम, तुमच्या रिपोर्टमुळे क्लिअर झालं."

मी "वेलकम" म्हणाले. फोन ठेवल्यावर का कोण जाणे, आईने वाढलेलं जेवण ताटातच गार होऊ दिलं.

१८ जानेवारी, रविवार

आईच्या चष्म्यासाठी आम्ही दोघी माणिकपूरला गेलो होतो. दुकानाबाहेर लो.का. आणि त्यांच्या पत्नी, मोनिकाबाई. चर्चमध्ये रविवारची मिसा करून आलेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांना टाळून निघून जायचा विचार माझ्या मनात आला होता, खरं लिहायचं तर. पण त्यांनीच हात वर केला.

एक शब्द वावगा नाही. गोडाऊनमध्ये पंखा चांगला आहे म्हणाले. मीच विचारलं, तो आवाज नक्की कसा?

"सुपारी फोडल्यावर येतो ना, तसा. एकदाच. मग थांबतो. मग परत. मी मनातल्या मनात ‘येशू, मारिया, योसेफ’ मनतो, सावकाश. तेवढं झालं की परत टक."

मोनिकाबाई म्हणाल्या, "घरात टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे येऊन सांगतात. आनि मशीनचं मात्र ऐकू येतं मने!" हसल्या. ते हसले नाहीत.

रिक्षात बसल्यावर मीही मनात म्हणून पाहिलं, घड्याळ लावून. सावकाश म्हटलं तर तीन सेकंद.

१९ जानेवारी, सोमवार

मिलचा कागद काढला. गिअरबॉक्समधलं मोठं चाक मिनिटाला वीस फेरे. म्हणजे एक फेरा तीन सेकंदांचा.

बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

मग स्वतःचं मोजमाप उघडलं. मिल रिकामी चालत होती. मी एकेका सेकंदाचे तुकडे घेऊन त्यांची सरासरी काढली होती, नेहमी काढते तशी. तीन सेकंदांतून एकदा येणारा एवढासा ठोका अशा सरासरीत विरघळून जातो. आणि मिल रिकामी, दातांवर भार नाही, तर मुळात ठोका आला तरी असेल का?

काकांनी सांगितलं होतं. माल घातल्यावर. मी ऐकलं आणि निघाले.

२१ जानेवारी, बुधवार

कॉलेजची वही माळ्यावरून काढली. वेव्हलेट, तरंगिका. परीक्षेत आठ मार्कांचा प्रश्न यायचा, पाठ करून लिहिला होता. पंधरा वर्षांत कामात एकदाही वापरलं नाही. कधी अडलंच नाही.

आई वाल सोलत होती. तिला समजावून सांगितलं, म्हणजे खरं मलाच. आपण नेहमी जो आलेख काढतो त्यात सिग्नलमध्ये कुठली कंपनं आहेत, किती जोराची आहेत ते कळतं. कधी आली ते दिसत नाही. सगळा वेळ एकत्र घोटला जातो.

आई म्हणाली, "म्हणजे महिन्यात वीस दिवस पाणी आलं एवढंच सांगायचं. पण कुठल्या दिवशी आलं नाही ते कळल्याशिवाय मी पिंप कधी भरू?"

अगदी हेच. पंधरा वर्षं मी लोकांना वीस दिवस, वीस दिवस सांगत आले.

तरंगिकेचं असं. एक छोटी लाट घ्यायची, उठते आणि लगेच शमते अशी. सिग्नलवर ठेवायची आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवत न्यायची. जिथे सिग्नल तिच्यासारखा दिसतो तिथे मोठा आकडा, नाही तिथे शून्याजवळ. शेवटाला पोचलो की लाट ताणून लांब करायची, पुन्हा पहिल्यापासून. मग आखूड, पुन्हा. लांब लाटेला संथ गोष्टी सापडतात, आखडलेलीला झटकन येऊन जाणाऱ्या. सगळे आकडे रंगात मांडले की चित्र तयार: आडवा वेळ, उभी लाटेची लांबी. कधी आणि किती जलद, दोन्ही एकदम.

फुकट काहीच नाही. आखूड लाट वेळ नेमकी सांगते पण कंपसंख्या ढोबळ. लांब लाट उलट. एक घट्ट धरलं की दुसरं सैल. वहीत हे वाक्य मी तेव्हा लाल शाईने अधोरेखित केलेलं आहे. कशासाठी, कुणास ठाऊक. तेव्हा तर...

२४ जानेवारी, शनिवार

ओट्यावर प्रयोग. मिक्सर चालू, सेन्सर ओट्याला चिकटवलेला, आई चमच्याने मधूनमधून ठोकणार. नेहमीच्या आलेखात फक्त मिक्सर. तरंगिकेच्या चित्रात मिक्सरचा आडवा पट्टा आणि त्याच्यावर पाच उभ्या रेघा.

"सहा वेळा ठोकलं मी," आई म्हणाली.

पुन्हा पाहिलं. लाट आणखी आखडली. सहावी होती, अगदी फिकी. आई म्हणे, "ती मी मुद्दाम हळू मारली."

खूप दिवसांनी काहीतरी शिकल्यासारखं वाटलं. चटणी अर्थातच पार पातळ झाली.

२७ जानेवारी, मंगळवार

मेहुलभाईंना फोन. मिल पुन्हा मोजायची आहे, माल घातलेला असताना.

"रिपोर्ट आहे ना मॅडम, तुमचाच."

"माझाच आहे. म्हणूनच."

शेवटी म्हणाले, "गुरुवारी या. पण काम थांबणार नाही हां."

२९ जानेवारी, गुरुवार

मिलवर आता यादव, चाळिशीचा, भला माणूस. मला म्हणाला, "मुझे तो कुछ सुनाई नहीं दिया मॅडम, कसम से." तीन बॅच मोजल्या, प्रत्येक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सलग. पहिल्या दोन मऊ रबराच्या, तिसरी काळ्या कडक मालाची.

गिअरबॉक्सवर तळहात ठेवून उभी राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही. काही जाणवलंही नाही.

गोडाऊनच्या दारातून लो.का. दिसत होते. हातात पॅड. इकडे आले नाहीत.

३० जानेवारी, शुक्रवार

नेहमीचा आलेख: स्वच्छ. पुन्हा ‘सुस्थितीत’ लिहिता आलं असतं.

तरंगिका. पहिली बॅच, काही नाही. दुसरी, काही नाही. मनात आलं, की आपण त्या माणसाच्या शब्दावर विसंबून...

तिसरी. सुरुवातीच्याच अर्ध्या मिनिटात नऊ उभ्या रेघा. केसासारख्या बारीक. दोन रेघांमधलं अंतर मोजलं: तीन सेकंद. तीन सेकंद. तीन सेकंद. अर्धं मिनिट होता होता फिकट होत गेल्या आणि नाहीशा. रबर गरम होऊन मऊ पडलं, दातावरचा भार उतरला, ठोका थांबला.

एकच दात. फेऱ्यातून एकदा भाराखाली येणारा.

आईला बोलावलं. ती चष्मा लावून म्हणाली, "अगं, दिसतंय की. मोज." दोघींनी मोजल्या.

३१ जानेवारी, शनिवार

गासला गेले, लो.कां.च्या घरी. दारात अळवाचे वाफे, मागे केळी. लॅपटॉप ओटीवर ठेवून चित्र दाखवलं. त्यांनी अंगठा एकेका रेघेवर टेकवत नेला. "तिसरी बॅच? काळा माल?" मी सांगितलंही नव्हतं.

मी म्हणाले, काका, चूक झाली माझी. तुम्ही त्या दिवशी सगळं बरोबर सांगितलं होतं.

ते मोनिकाबाईंशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले, मला निम्मंच कळलं. बाई आत गेल्या, चहा आणि चार केळी घेऊन आल्या. माफीवर एवढंच बोलणं.

कानांचं विचारलं. बारीक आवाज गेलेत, म्हणाले. फोनची रिंग, नातीचं बोलणं. जाड आवाज आहेत. "आनि मिलचं मी कानानीच ऐकतो असं नाय. पायातून येतं."

मग मी त्यांना छोट्या लाटेचं सांगितलं, बोटाने हवेत काढून. सरकवायची, जुळली की आकडा मोठा. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं,

"बाय, पन लाट कोन निवडतं?"

मी.

"म्हंजे तुमाला टक पायजे, तर तुमी टकसारखी लाट घेनार. मग टक सापडनारच की."

पंधरा वर्षांत मला कोणी एवढा नेमका प्रश्न विचारलेला नाही. म्हटलं, तीच लाट पहिल्या दोन बॅचवरही फिरवली, तिथे काही निघालं नाही. पण वेगळ्या आकाराच्या लाटेने अजून पाहिलं नाही.

"मग बघा," ते म्हणाले. "मला वाईट नाय वाटनार."

घरी येऊन लगेच बसले. तीन वेगळ्या लाटा घेतल्या. एकीत रेघा जाड, एकीत पुसट, पण नऊच्या नऊ तिथेच, तीन सेकंदांवर.

२ फेब्रुवारी, सोमवार

नवा अहवाल. पहिलं वाक्य: माझा १२ जानेवारीचा अहवाल मी मागे घेत आहे. हे वाक्य लिहायला अर्धा दिवस. बाकीची चार पानं एका तासात.

संध्याकाळी मे.भां.चा, म्हणजे मेहुलभाईंचा, फोन. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "दोन रिपोर्ट, दोन्हीवर तुमची सही. खरा कुठला धरू?"

"दुसरा."

"आणि महिन्याने तिसरा आणलात तर?"

म्हटलं, दात भाराखाली तुटला तर मिल झटक्याने अडकेल किंवा सुटेल, आणि यादवचे हात रोलपासून वीतभर असतात. निदान मिल थांबवायची पायाशी असलेली दांडी रोज सकाळी तपासून घ्या. कडक माल तूर्त घालू नका.

"ऑर्डरच कडक मालाची आहे मॅडम." फोन ठेवला.

४ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. पंपवाल्यांनी विचारलं, "ऐकलं तुम्ही रिपोर्ट फिरवलात?" सातिवलीत बातमी दुपारच्या चहाआधी पोचते. हो म्हटलं. त्यांचे पंप दोनदा मोजले.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझे जुने अहवाल काढून बघतेय. संथ फिरणारी यंत्रं वेगळी काढली. अकरा निघाली. अकराही ठिकाणी मी सेकंदाचेच तुकडे घेतलेत. सगळी पुन्हा मोजायची. कोणाला काय सांगून आत शिरायचं, ते...

आई म्हणाली, "जे आहे ते सांग." तिला सोपं वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मे.भां.चा फोन, स्वतःहून. उद्या शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी आहे, गिअरबॉक्स उघडतोय, या.

का, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. आज सकाळी काळा माल लावला तेव्हा लो.कां.ना गोडाऊनमधून बोलावून मिलपासून चार हात लांब उभं केलं. म्हणाले, टक आला की बोट वर करा. स्वतः मोबाइलवर वेळ लावून बाजूला.

"मला कायच ऐकू आलं नाही मॅडम. यादवला पण नाही. पण काकांचं बोट बरोबर तीन सेकंदांनी वर जात होतं. आणि ते मोबाइलकडे बघत पण नव्हते. डोळे बंद." मग विचारलं, "त्यांनी तुमचा कागद बघितलाय का आधी?"

बघितलाय, म्हटलं. खोटं कशाला बोलू. तीन सेकंद त्यांना आधीपासून माहीत होते हेही सांगितलं, त्यांनीच ते मला दिले.

"हां," म्हणाले. "तरी पण उघडतो."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

युनिट बंद, शांत. फिटर, मे.भा., लो.का., मी. तेल काढलं, झाकण उचललं. टॉर्चच्या उजेडात चाक फिरवून फिरवून पाहिलं. सगळे दात ठीक. फिटर माझ्याकडे बघायला लागला.

मग त्याने चाक पुसून कोरडं केलं आणि लाल रंग मारला. वाट पाहिली. रंग पुसला, वरून पांढरी पावडर फवारली. भेगेत रंग शिरला असेल तर पांढऱ्यातून वर येतो. चाक हळूहळू फिरवत होता, एक दात, दुसरा दात. अर्धं चाक झालं.

लो.का. म्हणाले, "थांब."

दाताच्या मुळाशी लाल रेघ. कडेपासून निघून दोन तृतीयांश रुंदीपर्यंत. आमच्या डोळ्यांसमोर गडद होत गेली.

मे.भां.नी फोटो काढला, मग आणखी एक. फिटरला विचारलं, किती दिवस टिकला असता? तो म्हणाला, सांगता येत नाही, महिनाही आणि उद्याही. मे.भा. खाली बसले, तेलाच्या ड्रमवरच, पांढऱ्या पँटमध्ये.

लो.का. नुसते रेघेकडे बघत होते. आनंद वगैरे काही दिसला नाही चेहऱ्यावर. बाहेर आल्यावर म्हणाले, "यादवला दोन पोरी आहेत लहान."

१६ फेब्रुवारी, सोमवार

मला वाटलं होतं, आता काका मिलवर परत. मे.भा. म्हणतात, "मॅडम, तुमचा रिपोर्ट तुम्ही मागे घेतलात. कानाचा रिपोर्ट कोण मागे घेणार? उद्या कोणी ओरडलं ‘थांबवा’ आणि त्यांना ऐकू आलं नाही तर?"

यात चूक काय, ते मला सांगता येईना. दांडीला पाय लागला की मिल थांबते हे खरं, पण ओरडणं ऐकू यायलाच हवं, हेही खरंच.

लो.कां.ना फोन केला, जोरात बोलले. ते म्हणाले, "पाचला सुटतो आता. वाफ्यांना दिवसाउजेडी पानी देता येतं." आणि मग, "पन हात शिवशिवतात, बाय."

अजून काही ठरलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अकरापैकी सात मोजून झाली. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. एकाकडे संशयास्पद रेघा, पण त्या शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसच्या निघाल्या. बरं झालं तिथे थांबून पाहिलं.

६ मार्च, शुक्रवार

नवं चाक बसून आठवडा झाला. आज सुट्टी असूनही मे.भां.नी खास काळा माल लावला, मोजण्यासाठी. लो.का. आले होते, घरचा शर्ट, पायात चपला. यादवने स्वतःहून बाजूला होऊन त्यांना मिलसमोर जागा दिली. मे.भां.नी पाहिलं, अडवलं नाही. हात लावला नाही काकांनी, नुसते उभे राहिले, बॅच संपेपर्यंत.

तिथेच ऑफिसात चित्र काढलं. तीन सेकंदांच्या रेघा गेल्या, साफ. मे.भां.नी सगळ्यांना चहा सांगितला.

लो.का. माझ्या शेजारी बसून चित्र बघत होते. आता त्यांना ते वाचता येतं, आडवं काय, उभं काय. खिशातली पेन्सिल काढून उलट्या टोकाने स्क्रीनच्या अगदी उजव्या कोपऱ्यात एका जागी टेकवली.

"हे?"

मी तिथे पाहिलंच नव्हतं. फिकट डाग. थोडं अलीकडे आणखी एक. मग बरंच काही नाही, मग एक. तीन सेकंद नाही, दोन नाही, कशालाच जुळत नाही. लाट बदलली. डाग हलले नाहीत.

"तुम्हाला ऐकू आलं काही, मघाशी?"

"नाय." बराच विचार करून पुन्हा, "पायात पन नाय."

मे.भा. दारात कप घेऊन उभे. "काय आहे ते?"

मला माहीत नाही, मी म्हणाले. खरंच माहीत नाही.

लो.कां.नी यादवला हाक मारून अजून एक बॅच लावायला सांगितलं आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.